भिंतीपलीकडची हाक

धरणाच्या भिंतीच्या पोटातून एक बोगदा जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही पोरांनी धरण पाहिलंत ते वरून, फोटो काढायला. मी तीस वर्षं तिथे कंट्रोल रूममध्ये काढली. भिंत कितीही पक्की असली तरी थोडी झिरपतेच. ते पाणी मोजायला रोज एक माणूस बोगद्यात उतरतो. आमचा तो माणूस म्हणजे मोजणीभाऊ. खरं नाव पगाराच्या दिवशीच कळायचं.

त्याची बायको जाऊन महिना झाला होता. तिचं माहेर त्याच धरणात बुडालेलं. भाऊ रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. "बरं आहे ना, भाऊ?" विचारलं की म्हणायचा, "आहे." संपलं.

सोमवारची रात्र. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, टिपूर चांदणं होतं. एक वाजून दहा मिनिटांनी बोगद्यातून भाऊचा फोन आला.

"किती पाणी?" मी विचारलं.

"नेहमीचंच. भिंतीपलीकडून कुणीतरी हाक मारतंय."

"भाऊ, पलीकडे साठ मीटर पाणी आहे."

"माहीत आहे."

"काय म्हणतंय?"

"...'अहो' म्हणतंय."

"वर या. ओ देऊ नका."

"भीती नाही वाटत रे. काहीच वाटत नाही. महिनाभर..."

फोनमधून नुसतं ठिबकणं ऐकू येत होतं. टप्. टप्.

मग लांबून त्याचा आवाज. हळू.

"ओ."

आणि ठिबकणं थांबलं.

धरण झिरपायचं थांबत नसतं, पोरांनो...

मी आणि वॉचमन धावलो. चारशे पायऱ्या. भाऊ भिंतीला पाठ टेकून बसला होता. कपडे कोरडे. डोळे उघडे. उठा म्हटलं, उठला. चला म्हटलं, चालला.

वर आणून चहा दिला. कप खाली ठेवून म्हणाला, "जेवलात का, विचारत होती. मी हो म्हटलं. खोटंच."

पुढे सहा वर्षं त्यानं तीच नोकरी केली. त्या रात्रीबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

पण चहा पाजताना मी त्याची कॉलर सैल करायला गेलो होतो. महिनाभर माणूस उघड्या गळ्यानं फिरत होता, वरचं बटण तुटलेलं. ते लावलेलं होतं. नीट, चार टाके घालून.

दोरा ओला होता.