टाकीतलं पाणी

मोबाईल पालथे ठेवा आधी. तोंडावर उजेड पाडून भुताचं ऐकतात का रे? आणि सुजित, तू मधेच 'लॉजिक काय' विचारलंस तर सरळ घरी जायचं. ज्याच्यावर गुदरलं तो चंदू मिस्त्री उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात आजही आहे. जाऊन विचारा. सांगणार नाही, ते वेगळं.

दोन हजार तेवीसची सर्वपित्री अमावस्या, शनिवार. चंदू सकाळी बदलापूरहून बारवी धरणाच्या पाण्यावर गेला, नावेचं इंजिन बघायला. पलीकडच्या पाड्यावरचा म्हातारा वाळू त्याला न्यायला वल्हं मारत आला होता. इंजिन मिसिंग मारत होतं, चालता चालता अडखळत होतं. वाळूची सून आवडी दिवस भरलेली. डोंगराला वळसा घालून रस्त्यानं दवाखाना गाठायचा म्हणजे बाई वाटेतच जायची. नाव चालली पाहिजे, एवढंच म्हातारं बोललं.

पाड्यावर पोचल्यावर चंदूनं प्लग काढला. ओला. कार्बोरेटरची वाटी सोडून आतलं तळहातावर घेतलं. पेट्रोल असलं तर हात गार करून उडून जातं. हे बसून राहिलं, मण्यांसारखं. पाणी. मग त्यानं पेट्रोलचा कॅन बघितला, तर झाकण हरवलेलं आणि तोंडात चिंधी कोंबलेली. अख्खा पावसाळा कॅन तसाच अंगणात. चंदूची जीभ तिखट. हे पेट्रोल आहे की ताक, असं त्यानं म्हाताऱ्याला विचारलं.

वाळू कॅन उचलून घरामागं गेला. सांगितलं ते विठा सुइणीनं, बाजूला घेऊन. आषाढात वाळूचा पोरगा रघु हीच नाव घेऊन निघाला होता, ह्याच कॅनमधलं पेट्रोल भरून. मधोमध इंजिन बसलं, वरून वादळ. नाव काठाला लागली, रघु नाही. मढंही मिळालं नाही. म्हणून आवडीनं गळ्यातलं काढलं नव्हतं, आणि आज पितरांना पानं वाढली त्यात रघुचं पान नव्हतं. मेला हे कुणी बघितलंय, असं ती म्हणायची.

चंदू कामाला लागला. टाकी धुतली, उन्हात वाळवली. पाईप फुंकला, फिल्टर नवा घातला. बदलापूरच्या पंपावरून स्वतः आणलेलं पेट्रोल तेल घालून भरलं. दोरी ओढली. इंजिन एका सुरात लागलं. रात्र झाली म्हणून तो तिथंच जेवायला थांबला.

सव्वाआठला आवडीला कळा सुरू झाल्या.

नावेत आवडी आडवी. उशाला विठा. पुढं वाळू टॉर्च धरून, मागं इंजिनावर चंदू. अर्धं पाणी कापलं असेल.

इंजिन ठसकलं. पुन्हा ठसकलं. बंद.

चंदूनं वाटी सोडली. पाणी. ओतून दिलं, रबरी पंप दाबून परत भरली. पाणी. त्याला गाळाचा वास. टाकीचं झाकण घट्ट होतं, त्यानं स्वतः पिळलेलं.

तिसऱ्यांदा... पाणी.

वल्हं मारलं. पाणी मागं सरकायचं. नाव तिथंच.

आवडी कण्हायची थांबली. विठानं तिचे हात चोळले. गार. लवकर करा, नाहीतर दोघंही जातील, ती पुटपुटली.

मग आवडी बोलली. अगदी हळू.

"मामंजी... त्यांनी धरलीय नाव."

वाळूनं टॉर्च विझवला. काठावरून खाली वाकला. रुसलेल्या पोराशी बोलावं तसा बोलला.

"रघ्या, चिंधी मीच कोंबली होती. हिचं काय चुकलं? तुझंच पोर हाय. सोड."

नाव हलली नाही.



"हिला पोचवू दे," म्हातारं म्हणालं. "मग मी येतो."

...

नाव हलली. एवढीशी. चंदूनं दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

काठावर टेम्पो मिळाला, चंदू पुढं ड्रायव्हरपाशी बसला. पावणेअकराला दवाखान्यात आवडीला मुलगा झाला. दोघं जगली. नातू झाला सांगायला चंदू वाळूला शोधत फिरला, तर विठा म्हणाली, ते टेम्पोत चढलेच नाहीत. नाव बांधून येतो म्हणाले.

चंदू पहाट फुटताना पाण्यावर गेला. नाव काठाला नव्हती. मधोमध होती, कालच्याच जागी. आत कुणी नाही. इंजिन चालू.

एका मासेमाऱ्यानं आपल्या होडीतून त्याला तिथवर नेलं. दोघांनी हाका मारल्या. मग चंदू नावेत चढला आणि टाकी उघडली. काठोकाठ पाणी. पेट्रोलचा वाससुद्धा नाही. इंजिन बंद करावं म्हणून त्यानं पाईपच उपसला. वाटीत उरलेलं मिनिटभर पुरतं, हे त्याला ठाऊक. पाईप हातात धरून तो बसून राहिला.

ऊन वर आलं.

इंजिन चालूच होतं.