पुलाखालून कोणीतरी विचारलं

नावं तेवढी बदललीत, बाकी सगळं खरं आहे. पटत नसेल तर इथूनच मागे फिरा, माझं काही म्हणणं नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं ते लीलाधर मावसा, म्हणजे माझ्या शोभा मावशीचे यजमान, आजही शाहपुरात केळी लावतात.

गेल्या मे महिन्यातली अमावस्या. भर दुपारचे बारा.

मावसा नदीकाठच्या मळ्यात होते. पलीकडच्या काठावरून भाच्याचा, गणेशचा फोन आला.

"मामा, जल्दी या. आईचं काही खरं नाही. तुमचंच नाव घेतेय."

मालूबाई ही मावसांची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून तिनेच यांना लहानाचं मोठं केलं. तिच्या तोंडात शेवटचं पाणी आपल्या हातचं पडावं, एवढंच मावसांच्या डोक्यात होतं.

सडकेने गेलं तर पाऊण तास. तापीवरच्या जुन्या रेल्वे पुलावरून पायी दहा मिनिटं. मावसा पुलाकडे धावले.

हा पूल कधीचा बंद. रूळसुद्धा उचलून नेलेत. पुलाचा मधला तुकडा, म्हणजे गाळा, एका गोल दगडी खांबावर बसवलेला. एके काळी होड्यांना वाट द्यायला तो आडवा फिरवायचे. आता गंजून जाम झालाय.

मावसांनी त्या गाळ्यावर पाय ठेवला...

आणि काठावरच्या पाण्याच्या मोटारीची घरघर थांबली. पाखरं गप्प. वारा गप्प.

मग पायाखाली... कर्रर्र... कर्रर्र...

त्यांनी मान खाली घातली आणि सरळ चालत राहिले. पूल उतरले.

समोर त्यांचाच मळा! बाभळीला अडकवलेली त्यांचीच पिशवी.

"अरे देवा, चकवा!"

पण पुलावर चकवा लागेल कसा? सरळ तर जायचं! ते पुन्हा पळत सुटले. पुन्हा कर्रर्र... पुन्हा तीच बाभूळ.

मावसा रडायलाच लागले. तिकडे बहिणीचा जीव घुटमळतोय आणि हे इथे घिरट्या घालतायत. तिसऱ्यांदा गाळ्याच्या मध्यावर आले, तेव्हा खालून, खांबापासून आवाज आला.

"कुठं चाललास?"

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भर दुपारी, माणूस दिसत नसताना कोणी असं विचारलं तर तोंड उघडायचं नाही.

पण मावसा भानावर कुठे होते!

"बहिणीकडे! मालूबाईकडे! तिला पाणी पाजायचंय रे, सोड मला!"

खाली पाण्यात पावलं वाजत दूर गेली.

मावसांचे पाय मात्र जागचे हलेनात. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येत नाही. पाय सुटले तेव्हा ते धडपडत पलीकडे पोचले. यावेळी खरंच पलीकडे.

दारात बायका रडत होत्या. गणेशची बायको वर्षा पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "नशीबवान हो आमच्या सासूबाई. भावाच्या हातचं पाणी पिऊन गेल्या."

मावसांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

गणेश जवळ आला. "मामा, पाणी पाजून लगेच कुठं निघून गेलात? एक शब्द बोलला नाहीत. आणि पाय ढोपरापर्यंत ओले..."

मावसांनी आपल्या पायांकडे पाहिलं. कोरडे होते. धुळीने भरलेले.

"गणेश... तिने ओळखलं मला?"

"बरळत होती हो ती. म्हणे, हा लीलाधर नाही रे, हा लीलाधर नाही. दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटून घेतलं."

"मग?"

"मग काय... मी अन् वर्षाने धरून उघडलं. तुम्ही पाणी ओतलं."

मावसा तिथेच खाली बसले.

गणेशला त्यांनी आजवर काही सांगितलेलं नाही. मलाही सांगायला नको होतं. तेव्हापासून माझी झोप उडालीय, म्हणून इथे लिहून मोकळा होतोय. गणेश फोनवर असलं काही वाचतो का, मला माहीत नाही. देव करो, हे त्याच्या नजरेस न पडो.