डोंगरावरचा रांजण

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्याच हातून घडली, म्हणून तर इतकी वर्षं तोंडातून निघाली नाही.

१९५३चा वैशाख. भर दुपार. चिंचोळीकडच्या डोंगरातली चढण.

मी शिवशरण, बसवकल्याणचा. नुकतंच लग्न झालं होतं. मी आणि बायको ईरम्मा छकड्यातून डोंगरापलीकडे तिच्या बहिणीकडे निघालो होतो.

त्या वाटेचा एक रिवाज होता. पायथ्याच्या विहिरीवरून प्रत्येकाने एक घागर वर न्यायची आणि माथ्यावरच्या रांजणात ओतायची. पलीकडे तीन कोस पाणी नव्हतं. तिकडून चढणाऱ्याचा सगळा भरवसा त्या रांजणावर.

आम्हीही घागर नेली.

माथ्यावर रांजण कोरडा होता... आणि माझे बैल धापा टाकत होते. सासऱ्यांनी दिलेली नवी जोडी. मी घागर त्यांच्या बादलीत रिकामी केली.

“अवो, रांजणात वता की थोडं,” ईरम्मा म्हणाली.

“मागनं येणारे वततील.”

उतारावर एक म्हातारा भेटला. काठी टेकत चढत होता. ओठ फुटले होते.

“अप्पा, वर पाणी हाय का?”

ईरम्मा माझ्याकडे बघत राहिली.

मला लाज वाटली. खरं सांगून त्याला छकड्यात घेऊन मागं विहिरीवर नेता आलं असतं. पण मी म्हणालो, “हाय की.”

“बसवण्णा भलं करील तुमचं,” म्हणाला आणि भराभर चढू लागला.

“कामून खोटं बोललाव?” ईरम्माने एवढंच विचारलं.

चार दिवसांनी परतलो. या वेळी मेहुणीच्या घरूनच दोन घागरी भरून आणल्या होत्या.

माथ्यावर वारा नव्हता. एक पाखरू नव्हतं.

खर्र... खर्र...

कोरड्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज. रांजणातून येत होता.

जवळ गेलो. आत कुणाचा हात नाही, तांब्या नाही. बाहेर फक्त ती काठी टेकून ठेवलेली.

सावलीला मेंढपाळ निंगप्पा बसला होता. “म्हातारा इथंच गेला,” तो म्हणाला. “हात रांजणातच व्हता. आम्हीच माती दिली.”

मी दोन्ही घागरी ओतल्या. पाणी वर चढलं.

खर्र... खर्र...

“ऐकायलास का?” मी विचारलं.

“काय?” निंगप्पा म्हणाला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

ईरम्माने मात्र कानांवर पदर ओढला होता.

पुढे चाळीस वर्षं संसार केला. तिने त्या दिवसाचा शब्द काढला नाही. पण घरात पाणी आहे का, हे मला कधीच विचारलं नाही. प्रत्येक वेळी स्वतः उठायची, रांजणात डोकावायची.

आता ती नाही. घरचा रांजण मी सकाळीच काठोकाठ भरतो.

वैशाखात दुपारी तरीही आतून तळ घासल्याचा आवाज येतो...

आणि कालपासून काठीचाही येतोय. अंगणातून.

दारापर्यंत आला, की म्हातारा विचारणार, “कामून खोटं बोललास, अप्पा?” मला अजून उत्तर सापडलेलं नाही.