तळघरातलं लेथ आणि चौथ्या मजल्यावरचा ओव्हन

प्रेम ही अखिल विश्वाला फिरवणारी अमर्याद शक्ती आहे. आमच्या इमारतीत मात्र ती घरटी तीन किलोवॅटच मिळते. त्याच्या वर गेलात की जिन्याखालच्या कपाटात खट्‌ असा आवाज होतो, घर अंधारतं, आणि खाली येऊन मीटरचा खटका वर करावा लागतो. म्हणून इटलीतल्या ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला आमच्या या खोऱ्यात, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावायचं नाही, हे मुलांना प्रार्थनेच्या आधी शिकवतात.

ते कपाट बरोबर माझ्या दारासमोर आहे. मी कान लावून ऐकत नाही. दार किलकिलं असतं, कान आपले आपण जातात.

नोव्हेंबरातल्या एका धुकट शनिवारी दुपारी खट्‌ झालं. तळघरातून फाउस्तो वर आला. कोपरापर्यंत तेल, केसांत गंजाचा चुरा. त्याच वेळी चौथ्या मजल्यावरून निवेस उतरत होती. लिफ्ट नाही. वृद्धाश्रमातली पहाटपाळी करून आलेलं माणूस उतरतं तशी, एकेका पायरीला विचारत – तू खरंच हवीस का गं? पायात एकच चप्पल. दुसरी तिसऱ्या मजल्यावर निसटली होती आणि ती उचलायला वाकण्याइतकी ताकद उरली नव्हती.

"तुमचीही गेली?" फाउस्तोनं विचारलं.

"गेली म्हणूनच आले ना. ही काय फिरायला यायची जागा आहे?"

"माझा मीटर तर चालू दिसतोय... आणि खाली ठार अंधार."

"मग मीटरलाच विचारा."

तिनं आपला खटका वर केला आणि कठडा धरून निघाली. फाउस्तो तळघरात परतला, तर दिवा लागलेला! नळांच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसानं सरळ निष्कर्ष काढला – ही बाई आली की उजेड पडतो.

तळघरात होतं लेथ, धातू फिरवून कातायचं यंत्र. फाउस्तोच्या वडलांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ते घरी आणलं होतं. त्याला लागते थ्री फेज वीज, घरात येते सिंगल फेज. त्यामुळे म्हाताऱ्यानं ते कधीच फिरवलं नाही. नुसतं दर रविवारी, चर्चहून आल्यावर, तेल लावलं. आता म्हातारा गेला. दुसऱ्या मजल्यावरचं त्याचं रिकामं घर विकायचं होतं. खाली शहरातल्या तंत्रशाळेचे मास्तर म्हणाले होते, "चालू असेल तर नेतो. नाहीतर भंगारात घाला." म्हणून फाउस्तो दर शनिवारी बस बदलत यायचा. रॉकेलनं गंज उतरवायचा, आणि एका फेजचे तीन करणाऱ्या एका डब्याशी झगडायचा. लेथ फिरलं की काम संपलं. मग त्यानं इथे यायचं काहीच कारण नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा खट्‌.

"पुन्हा तुम्ही?"

"पुन्हा तुम्ही?"

"ओव्हनमध्ये काय आज?" त्यानं विचारलं.

"कोंबडी. निम्मी शिजलेली... तुमच्यासारखी. आणि तुम्ही खाली करता काय?"

"एका म्हाताऱ्याला उभं करतोय."

"मी आठवड्याचे सहा दिवस तेच करते." निवेस पायरीवर बसली. "तुमचा चावतो का?"

"नाही. उठताना ओरडतो फक्त."

"मग सुखी आहात."

ती हसली. जांभई आणि हसू एकाच वेळी आलं की चेहरा फार वेडावाकडा होतो. पण फाउस्तोला तो आवडलेला दिसला. तो तिला खाली घेऊन गेला. मी काही मागे गेलो नाही, गुडघे दुखत होते. पण आवाज जिन्यातून वर येतो.

"हात लाव," तो म्हणत होता. तुम्हीचं तू कधी झालं, ते माझ्या नजरेतून, म्हणजे कानातून, निसटलं.

"माझ्या हातापेक्षा मऊ आहे रे..."

"वीस वर्षांचं तेल आहे."

"माझ्या हाताला वीस वर्षांचा साबण."



शनिवारमागून शनिवार खट्‌ होत राहिलं. अखेर मास्तरांचा दिवस उजाडला. लेथ फिरलं. एकदाही न अडखळता फिरलं. पितळेची लांब, सोनेरी, कुरळी साल निघाली. मास्तर ती खिशात घालून निघाले. सोमवारी गाडी पाठवतो म्हणाले. फाउस्तो कपाटासमोर येऊन उभा राहिला. पास झालेला माणूस इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

निवेस उतरली. अंगात कोट.

"वीज गेली नाही," तो म्हणाला, "मग उतरलीस कशाला?"

"गेली नाही म्हणूनच."

"ओव्हन लावला नव्हतास?"

"फ्रिजसुद्धा बंद ठेवला. कोट घालून बसले होते... तुझ्या तळघराची तार माझ्या मीटरला जोडलीय, फाउस्तो. दुसऱ्या शनिवारीच कळलं मला. सगळं बंद केलं, तरी माझ्या मीटरचा दिवा लुकलुकत होता."

इमारत बांधताना कुणीतरी, बहुधा जेवण झाल्यावर, दोन तारांची अदलाबदल केली होती. आजवर तिथे एक बल्ब लागायचा, कोण बघतो?

"मलाही कळलं होतं," फाउस्तो म्हणाला.

"मग बदलली का नाहीस?"

"बदलली असती तर तू खाली आली असतीस?"

"चार मजले..." निवेस म्हणाली. "या पायांनी... चार मजले, फाउस्तो!"

"आज सारखा बल्बकडे बघत होतो. वाटलं, आता घालवेल... आता घालवेल. तू घालवलीच नाहीस. म्हटलं, मी गेलेलाच हवाय हिला."

"मूर्ख. बंद पडलं असतं तर भंगारात गेलं असतं ते. वडलांनी तेल काय त्यासाठी लावलं होतं?"

माझं दार करकरलं.

"आत्तिलिओ," ती मागे न बघता म्हणाली, "पूर्ण उघडा. नीट ऐकू येईल."

मी उघडलं.

"मास्तरांना कळवतो, लेथ देत नाही," फाउस्तो म्हणाला. "घरही विकत नाही. मीच येतो राहायला... चालेल?"

 निवेसनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं. तेलाचा डाग पडला असणार. ती हलली नाही.

"आणि तार?" तिनं तसंच विचारलं.

"राहू दे तशीच."

दोघं वर गेली. हळूहळू, प्रत्येक मजल्यावर थांबत. कोंबडी ओव्हनमध्ये गेली असावी. आणि आनंदाच्या भरात, लहानपणची सगळी शिकवण विसरून, कुणीतरी वॉशिंग मशीनही लावलं असावं.

खट्‌.

जिन्यातून निवेसचा दमलेला आवाज आला – "फाउस्तो, या खेपेला तू जा हं. आणि येताना तिसऱ्या मजल्यावर पुन्हा निसटलेली माझी चप्पल घेऊन ये."