वळणावरचा हॉर्न

कोपऱ्यातल्या त्या टीव्हीची वायर राहू दे गं. बाकी सगळं बंद कर, पंखे, मेण गरम करायचं भांडं, सगळं. टेबलावरचा दिवा तेवढा असू दे आणि जरा बस. उद्यापासून मी रजेवर, ही व्यायामाची खोली तुझ्या ताब्यात. किल्ल्या देऊन झाल्या, आता वायरीचं सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

आपली फिजिओथेरपी म्हणजे काय, तुला माहीतच आहे. "अंगठा हलवा, अंगठा हलवा" म्हणून आपला घसा कोरडा पडतो आणि पेशंट ढिम्म. म्हणून एका पेशंटच्या भाच्यानं आपला जुना गेम खेळायचा कन्सोल देऊ केला, तेव्हा मी आढेवेढे न घेता ठेवून घेतला. व्यायाम म्हटलं की तोंड वाकडं करणारी माणसं खेळ म्हटल्यावर तासभर बटणं दाबत बसतात.

सगळ्यात जास्त नाद लागला पायलटला. पायलट हे आम्ही ठेवलेलं नाव. होता तो कपड्यांच्या कारखान्याची बस चालवणारा. वळणावर समोरून भरधाव ट्रक आला आणि बस दरीत गेली. शिलाई विभागातल्या बायका होत्या आत. जवळजवळ सगळ्या गेल्या. हा मोडकं मनगट आणि एक पाय घेऊन उरला. चूक ट्रकची होती, असं जो तो सांगायचा, पण त्याला ते कधी पटलं नाही.

गोळीबाराच्या गेममध्येही हा बसच चालवायचा. प्रत्येक दाराशी थांबायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मग हातातलं हत्यार चौकटीवर दोनदा आपटायचा. ठक, ठक. तेवढ्यात कुणीतरी त्याला गोळी घालायचं.

"अहो पायलट, लढाई आहे ही, चौक नाही," मी म्हणायचे.

"वळणावर हॉर्न द्यायचाच, बाई. समोर शत्रू असला म्हणून काय झालं?"

आणि रोज जाताना एकच प्रश्न. "शेवटच्या थांब्यावरची ती पोरगी... शुद्धीवर आली का?" ती वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. नाही म्हटलं की मान खाली घालून व्हीलचेअर वळवायचा. एका सकाळी त्याचीच खाट रिकामी दिसली. झोपेत हृदय बंद पडलं म्हणाले. मला फार वाईट वाटलं गं. तोंडदेखलं "आली शुद्धीवर" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं अजून वाटतं.

आणि नशीब बघ, तो गेल्यावर आठवड्याभरात पोरीनं डोळे उघडले.

माझ्याकडे आली ती उजवा हात मांडीवर टाकूनच. शिलाईचं काम करणारी, विशी-बाविशीची. डॉक्टर म्हणाले, नस शाबूत आहे, आता तिनं मनावर घ्यायला हवं. आणि ती म्हणायची, "हात घेऊन करू काय, बाई? शेजारच्या मशीनवर आता कोण बसणार आहे?" अंगठा दिवसेंदिवस आखडत चालला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर कायमचा गेला असता.

त्याच सुमारास तो भाचा एका नव्या गेमचा डेमो कन्सोलमध्ये घालून गेला. आधी मी स्वतः खेळून बघितला. माझं पहिलं मत विचारशील तर बंदूक भिकार. नेम धरायला जावं तर नजर भलतीकडेच फिरते. पण हातघाईची लढाई मात्र चोख. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं एकच बटण, दाबून धरायचं. लोखंडी दांडा मागे जातो, मग सुटतो, आणि लागला की हातातला कंट्रोलर असा थरथरतो की मनगटापर्यंत जाणवतं. अंगठ्यासाठी याहून चांगलं औषध मी शोधून आणलं नसतं. आखाडा एकच, एक पडीक गोदाम, दारंच दारं, पिवळट उजेड. समोर कॉम्प्युटरचे चार गडी. वेळ संपली की "पूर्ण गेम विकत घ्या". इंटरनेट या खोलीत येतच नाही, म्हणजे बाहेरचं कुणी आत शिरायचाही प्रश्न नव्हता.

दुपारची वेळ होती. पडद्यावर ऊन येतं म्हणून मी पडदे ओढले. तिचा उजवा हात पट्टीनं कंट्रोलरला बांधला, चालायचं काम डाव्या हाताला दिलं. ती गोदामाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लांबून पावलं ऐकू यायला लागली. सावकाश, एकमेकांना धरून चालल्यासारखी. आणि मला वास आला... डिझेलचा, त्यात ओली माती.

गडी आले. एकानंही गोळी झाडली नाही. बंदुका खाली सोडून ते नुसते तिच्या दिशेनं येत राहिले. चारच असायला हवे होते. मी मोजले नाहीत, पण चारच नव्हते.

"बाई... हे मला बोलावतायत," ती म्हणाली. तिचा डावा हात आपोआप कंट्रोलरवरची चालायची कांडी पुढे ढकलत होता.

तेवढ्यात बाजूच्या दारात एक जण येऊन थांबला. त्यानं डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. दांडा चौकटीवर आपटला. ठक... ठक.

पायलट या खोलीत यायचा, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पण तिचे डोळे भरून आले.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसचे काका असाच दोनदा हॉर्न द्यायचे," ती कुजबुजली.

तो तिच्यापुढे येऊन, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, दांडा आडवा धरून. बाकीचे त्याला वळसा घालून येऊ लागले. एक जण अगदी जवळ आला, त्यानं हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही यायचं." आणि अंगठा दाबला गेला. माझ्या डोळ्यांदेखत, गं. दांडा सुटला, कंट्रोलर थरथरला, आणि ती पोर ढसाढसा रडली. मीही रडले, लपवून काय करू?

संध्याकाळी ती वर तिच्या खोलीत गेल्यावर मी टीव्ही बंद करायला आले. वेळ कधीच संपून गेली असणार, पण "विकत घ्या" काही आलं नव्हतं. ते सगळे गोदामात दोन-दोनच्या ओळींत बसले होते, बसमध्ये बसतात तसे, मधे चालायला वाट सोडून. एका ओळीत भिंतीकडची जागा रिकामी होती. खिडकीची. आणि दारात हा, माझ्याकडे तोंड करून, दांडा आडवा धरून उभा. थोड्या थोड्या वेळानं चौकटीवर आपटत होता. ठक, ठक. मी हात जोडले आणि तसंच राहू दिलं.

पोरगी बरी झाली, मशीनवर बसायला लागली. मग एकदा माझ्या सुट्टीच्या दिवशी सफाईच्या मावशींनी झाडताना वायर काढली. संध्याकाळी पोरीचा फोन. "बाई, आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस आली होती. तीच. दार उघडं होतं... आणि हॉर्न वाजलाच नाही." मी धावत येऊन वायर लावली. ठक ठक ऐकलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

म्हणून सांगते, वायरीला हात लावू नकोस. तो दारात उभा आहे तोवर ती सुखरूप आहे. आवाजाची सवय होते गं, पाच मिनिटं कधी त्याच्याशिवाय जात नाहीत.

काय झालं, अशी का बघतेस?

थांब. बोलण्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नाही. आपण इतका वेळ बसलोय... तू तो ठक ठक आवाज ऐकलास का एकदा तरी?

वायर तर जागेवर आहे. कन्सोलचा दिवाही हिरवा आहे.

माझा फोन दे इकडं.