बजबज लोकलनं आलेले दगड

"दोन घेते. एकटा कंटाळेल बिचारा," सुनीती स्वतःशीच पुटपुटली.

"एकही घेऊ नका," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी मासे-पक्ष्यांचा बाजार भरतो. पिशव्यांत पोहणाऱ्या नारिंगी माशांसमोर, या बंगाली शहरात मराठी ऐकू येईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं वळून पाहिलं. चष्मा, किंचित वाढलेली दाढी, हातात समुद्री गोगलगाईंची पिशवी...

"खाऱ्या पाण्याची टाकी आहे ना? आणि नवी?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतक्या प्रेमानं नवीन माणूसच बघतो."

त्याचं नाव अजेय. मूळचा अकोल्याचा, बजबजच्या तेल डेपोत अधिकारी. मातीच्या भांड्यातला चहा पिताना त्यानं तिला समजावलं, की माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, आणि ते पचवणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत राहतात. ते वसल्याशिवाय मासा टिकत नाही. सुनीतीच्या टाकीतले दगड कोरे होते, खडूसारखे पांढरे.

"म्हणजे तुमचे दगड अजून जिवंत नाहीत," तो म्हणाला.

"दगड कुठे जिवंत असतात?"

"दाखवतो."

आणि पुढच्या शनिवारी तो बजबज लोकलनं खरंच आला, थर्माकोलचा खोका घेऊन. लेक गार्डन्स स्टेशनपासून तिचा फ्लॅट जवळच होता. खोक्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, त्याच्या जुन्या टाकीतले दगड होते. जांभळे, गुलाबी, समुद्राच्या वासाचे. एका छिद्रातून केसाएवढा किडा बाहेर आला, त्यानं पिसारा उघडला आणि मिटून घेतला. सुनीती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. वर पाहिलं तर अजेय तिच्याकडे बघत होता... त्यानं घाईनं चष्मा पुसायला काढला.

तिनं ही टाकी हट्टानं घेतली होती. वडील, श्यामराव, बँकेत होते. तीन वर्षं झाली की नवं गाव, नवी शाळा. ते निवृत्त होऊन पुण्याला गेले तेव्हा ती नोकरीसाठी इथंच राहिली. पाण्यानं भरलेली टाकी कुणी उचलून नेऊ शकत नाही, हेच तिला आवडलं होतं. दुसऱ्या भेटीत तिनं सहज सांगूनही टाकलं, की लग्न केलं तरी बदलीच्या नोकरीतल्या माणसाशी करणार नाही. अजेयनं पाण्याचा खारटपणा पुन्हा एकदा मोजला.

काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर धरला, मग दगडांवर हिरवे केस उगवले. तिनं घाबरून फोन केला. तो आला आणि म्हणाला, नव्या टाकीत हे व्हायचंच. सगळं खरवडून काढलं तर जिवाणूही जातील. दिवा कमी वेळ लावायचा. दगड टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशनं हलकेच घासायचे. टाकीच्या मागच्या कप्प्यात त्यानं गुंतलेल्या लोकरीसारखं एक शेवाळ सोडलं. ते पाण्यातलं खत खाऊन टाकतं, मग या केसाळ शेवाळाला काही उरत नाही.

"म्हणजे शेवाळानंच शेवाळाला उपाशी ठेवायचं," ती म्हणाली.

"मारामारी न करता."

दोघं एकाच बादलीशी बसले होते. बोटं एकमेकांना लागली – कुणीच हात मागे घेतला नाही. बोलणं मात्र पाण्याच्या तापमानाबद्दल चाललं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी तो मोठा खोका घेऊन आला. आत सगळ्यात मोठा, सगळ्यात जांभळा दगड होता.

सुनीतीनं तो हातात घेतला नाही. "तुमच्या टाकीत आता काय उरलं?"

"पाणी."

"कुठे झाली बदली?"

"पारादीप बंदरात," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

त्यानंच दगड टाकीत ठेवल्यावर ती म्हणाली, "वादळ येतंय, तुम्ही निघा."

पण कालबैसाखीचं वादळ आधीच दारात होतं. खिडक्या धडधडल्या, धुळीमागून पाऊस आला आणि वीज गेली. पंप थांबला. पाणी हललं नाही तर दगडांतल्या जिवांना हवा मिळत नाही, हे आता तिलाही माहीत होतं. तिनं स्वयंपाकघरातून दोन मग आणले. टाकीतलं पाणी काढायचं, वरून ओतायचं, पुन्हा काढायचं... बराच वेळ दोघं नुसतं तेवढंच करत राहिले.

"मी घर आवरून तुमच्या मागं येणार नाही," ती एकदम म्हणाली.

"मी या म्हटलं का?"

"तेच तर. तू काहीच म्हणत नाहीस."

त्या 'तू'पाशी दोन्ही मग थांबले.

"म्हणतो," अजेय हळूच म्हणाला. "आवडतेस मला. बाजारात पाहिलं तेव्हापासून. पण माझी नोकरी ही अशी... म्हणून गप्प बसलो. तू इथंच राहा, सुनीती. तुझं घर, तुझी टाकी. मी येत जाईन. जमेल तेव्हा बजबजला परत बदली मागेन. चालेल?"

"पाणी ओत," ती म्हणाली, आणि खारट, ओल्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं. "चालेल. मलाही तू आवडतोस, हे काय सांगायला हवं?"

"हवं."

"आवडतोस."

वीज आली तेव्हा बाहेर पाऊस थांबला होता. पंप घरघरला. तो हात धुवायला गेला तेव्हा तिनं पुण्याला आईला फोन लावला आणि न अडखळता सांगून टाकलं: माणूस चांगला आहे, मला आवडतो, आणि बदलीची नोकरी आहे.

सुनंदाबाईंनी विचारलं, "तुला घेऊन जाणार म्हणतो?"

"नाही. म्हणाला, तू राहा, मी येत जाईन, चालेल?"

"तुझ्या बाबांच्या बदल्या झाल्या तेव्हा मला कुणी कधी विचारलंच नाही गं," आई शांतपणे म्हणाली. "मी काही तक्रार करत नाही. पण यानं विचारलं ना, मग दे त्याला फोन."

अजेय टॉवेलला हात पुसत दारात उभा होता. सुनीतीनं फोन पुढे केला.