आवाज बंद केलेलं गाणं

खंडव्याकडच्या लालबागेतल्या त्या घराच्या उंबरठ्यावर सख्खा धाकटा भाऊ सहा वर्षांनी येऊन उभा राहिला होता... खांद्याला गिटारची काळी पिशवी, हातात काहीच नाही, डोळ्यांत मात्र साठवून आणलेला संताप! त्यानं एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्या हाकेला तर समोरच्या ओट्यावरची माणसं वळून पाहू लागली. पण थोरल्या शालिग्रामची टीव्हीवरची नजर हलली नाही. पाहणाऱ्यानं काय समजावं? दुसरं कुणीही जे समजलं असतं तेच योगेंद्र समजला.

आणि शालिग्रामला बिचाऱ्याला याचा पत्ताच नव्हता. त्याचे कान पूर्ण जाऊन पाच वर्षं झाली होती.

एवढी गोष्ट लपते कशी, असं कुणी विचारील. पण मागवाल्या घरांची तऱ्हाच न्यारी असते. आठ-आठ पॉवरलूम धडधडू लागले, धोटे इकडून तिकडे आपटू लागले, की तोंडानं बोलण्यात अर्थच उरत नाही. माणसं ओठ बघून बोलतात, बोटांनी बोलतात, भुवईनं शिव्यासुद्धा देतात. तिथे ऐकणारा आणि बहिरा एकाच पंगतीला बसतो. कारखान्यातले कारागीर एवढंच म्हणत, की शेठ हल्ली मागून हाक मारली तर वळत नाहीत, भाव खातात. खरं काय ते बायको कुसुमला आणि मुलगी तृप्तीला ठाऊक होतं, आणि त्या दोघींना त्यानं शपथ घातली होती... योगेंद्रला कळता कामा नये.

त्या शपथेचं मूळ फार मागे होतं. त्यांचे वडीलही मागावरच झिजले, पन्नाशीच्या आत ठार बहिरे झाले आणि तसेच गेले. तेव्हा शालिग्राम चोवीस वर्षांचा होता, गावातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, लग्नाच्या मांडवात त्याची बोटं पाहायला पोरं खुर्च्यांवर चढायची. योगेंद्र चौदाचा. मागावर कुणीतरी एकानं उभं राहायला हवं होतं, आणि मागावर उभं राहणं म्हणजे काय ते शालिग्रामनं बापाच्या रूपात पाहिलं होतं. या घरात एकाचे तरी कान शाबूत राहिले पाहिजेत, असा निश्चय त्यानं त्या तेराव्या दिवशी मनाशीच केला आणि गिटार उचलून धाकट्याच्या मांडीवर ठेवली. कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, कुसुमला सांगितलं तेही कान गेल्यावर. धाकट्याला सांगितलं असतं तर त्यानं ती घेतली असती का?

पुढे योगेंद्र शाळा सुटल्यावर हात लावायला म्हणून कारखान्यात येऊ लागला, तेव्हा शालिग्रामनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "माझ्या कारखान्यात पाय ठेवशील, तं तंगडं तोडीन," तो म्हणाला होता. धाकट्याच्या मनात एवढा एक 'माझ्या' रुतून बसला. बापाचा कारखाना दादानं एकट्यानं गिळला, असं तो सिंधीपुऱ्यातल्या आत्याकडे बोलून आला. ते शालिग्रामच्या कानावर आलं... तेव्हा कान होते. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढे योगेंद्र इंदूरला गेला, गिटार शिकवू लागला, कार्यक्रम करू लागला. फोन यायचे, कुसुम घ्यायची, 'ते कामात आहेत' म्हणायची. हळूहळू फोनही थांबले.

आता तृप्तीचं लग्न ठरलं. पत्रिकेला कुंकू लावून, अक्षता घेऊन, थोरल्यानं स्वतः धाकट्याच्या दारी जायची या घरातली रीत. शालिग्राम गेला नाही. समोरासमोर बसलं, योगेंद्रच्या मुलांनी चहूबाजूंनी प्रश्न विचारले, की सगळं उघडं पडेल. आणि एकदा का योगेंद्रला कळलं की त्याच्या बोटांची किंमत दादानं कानांनी मोजली, तर तो गिटार पुन्हा हातात धरणार नाही, हीच त्याची धास्ती होती. मग तीस वर्षं मातीत गेली म्हणायची! म्हणून त्यानं पत्रिका मोबाईलवर पाठवायला सांगितली. सख्ख्या काकाला आमंत्रण मोबाईलवर...

त्या पत्रिकेचा जाब विचारायलाच योगेंद्र खंडव्याचा कार्यक्रम आटोपून थेट इथे आला होता. माग बंद असायचा तो दिवस होता, भरदुपार होती, आणि टीव्हीवर तो अमेरिकेतला काळा गिटारवाला वाजवत होता. योगेंद्रनंच पूर्वी एकदा त्याची सीडी आणून दाखवली होती. "दादा, या गाण्याले ब्लूज म्हणतात. हा लहानपणी कापूस वेचायचा," त्यानं सांगितलं होतं, आणि दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते. शालिग्रामनं कानांनी ऐकलेलं त्या माणसाचं ते एकच गाणं. पण पुढे कान गेल्यावर त्यानं त्या माणसाचे कुठले कुठले कार्यक्रम शोधून काढले: काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा तरणाबांड, उघड्या मैदानातला घामेजलेला प्रौढ, आणि शेवटी खुर्चीवर बसून वाजवणारा थकलेला म्हातारा. ते एकच गाणं प्रत्येक ठिकाणी. शालिग्राम त्याच्या डाव्या हाताकडे बघायचा. तार दाबून बोटं थरथरवली की पापण्या मिटतात, हनुवटी वर जाते... तेवढं पाहिलं की त्याला सूर कळायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कुसुमनं टीव्हीचा आवाज बंद केलेला असायचा.

योगेंद्रला दिसला तो एवढा आवाज बंद केलेला टीव्ही.

"गाण्याचा एवढा तिरस्कार, दादा? मी दाखवलेल्या गिटारवाल्याचं तोंडसुद्धा दाबून ठेवलं तू? ठेव, सगळा कारखाना ठेव. पोरीचं लग्नही तूच एकटा कर," तो म्हणत होता. हे शब्द शालिग्रामला कुसुमनं मागाहून सांगितले. त्याला दिसलं ते इतकंच, की कार्यक्रम संपला, पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत आपल्या मागे कुणीतरी उभं आहे. तो वळला. भाऊ दिसताच त्याचं काळीज हरखून गेलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या ओठांवर त्यानं वाचलं: "येतो मी. पुन्हा येणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात कुसुम उभी होती, हाताला कणीक तशीच.

"भाऊजी, किती वेळ पाठीशी बोलून राह्यले तुम्ही?" ती म्हणाली. "तोंडासमोर येऊन बोला. पाच वर्षं झाली... त्यांले काहीच ऐकू येत नाही."

"कुसुम, शपथ आहे तुले," शालिग्राम ओरडला. आपला आवाज किती मोठा झाला तेही त्याला कळलं नाही.

"मोडली मी शपथ. पाप लागेल ते मले लागू द्या. मगर या घरातून भाऊ असा जाऊ देणार नाही मी." आणि मग त्या माउलीनं सगळं सांगितलं, बापाच्या तेराव्यापासून, त्या दंड धरून बाहेर काढण्यापासून.

योगेंद्रनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तो मागाच्या घरातच वाढलेला; आवाजावाचून बोलायचं त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तो भावासमोर येऊन बसला आणि नुसते ओठ हलवत म्हणाला, "काऊन नाही सांगितलं दादा? मी आज गिटार घेऊन फिरतो, ती काय तुह्या कानांवर? जाळून टाकतो मी तिले."

ज्याची धास्ती, तेच समोर आलं होतं. शालिग्रामनं झडप घालून ती पिशवी आपल्याकडे ओढली, चेन उघडली आणि गिटार बाहेर काढली. विजेवरच्या त्या गिटारला आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची जोड नव्हती. कुसुमला ऐकू आलं असेल ते तारांचं किरकिरणं तेवढंच. तीस वर्षांनी त्यानं गिटार मांडीवर घेतली. सूत जोडून जोडून राठ झालेली बोटं तारांवर ठेवली, आणि ते एकच गाणं, जे त्याच्या डोक्यात अजून वाजत होतं, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. छातीला लाकडाची बारीक थरथर जाणवत होती. बाकी सगळीकडे शांतता होती.

संपल्यावर त्यानं मान वर केली. कुसुम पदरात तोंड लपवून रडत होती, म्हणजे तिच्याकडून काही कळायचं नव्हतं.

"कसं झालं? खरं सांग. या घरात सगळे मले बरं वाटेल तेच सांगतात," तो म्हणाला.

योगेंद्रनं डोळे पुसले. खोटं बोलणं किती सोपं होतं! पण त्यानं चेहरा भावासमोर नीट धरला आणि एकेक शब्द सुटा करत ओठ हलवले.

"दोन जागी चुकला, दादा."

कुसुमनं दचकून पदरातून तोंड बाहेर काढलं. पण शालिग्रामच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं इतका तो उजळला होता... चूक काढली होती कुणीतरी त्याची! तीस वर्षांत तो मालक होता, बाप होता, बहिरा होता. वाजवणारा म्हणून त्याच्याशी आज कुणी बोललं होतं.

"कुठे?" त्यानं गिटार पुढे केली. "दाखव."

योगेंद्रनं थोरल्याचं ते राठ बोट आपल्या दोन बोटांत धरलं, तारेवरून एक घर वर सरकवलं आणि जरा दाबलं.

"इथे," तो म्हणाला. "आता पुन्हा वाजव."